आठवड्यातला दीड दिवस

केपटाऊनच्या ग्रूटे शूर रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ १९५५ साली नोकरी सोडून गेले आणि रुग्णालयापुढे कायद्याचा पेच उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेच्या नियमाप्रमाणे किरणोत्सारी समस्थानिके वापरायची तर त्यावर जाणकार भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख हवी. अणुकेंद्राच्या भौतिकीत काम केलेला माणूस त्या वेळी साऱ्या शहरात एकच होता, केपटाऊन विद्यापीठातला तिशीतला व्याख्याता ॲलन कॉर्मॅक. रुग्णालयाने विद्यापीठाला गळ घातली आणि १९५६ च्या पहिल्या सहामाहीत कॉर्मॅक यांनी आठवड्यातून दीड दिवस क्ष-किरण विभागात यावे असे ठरले. कॉर्मॅक डॉक्टर नव्हते. वैद्यकाशी त्यांचा तोवर काही संबंध आलेला नव्हता. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ऑटो फ्रिश यांच्या हाताखाली संशोधन करून, पण पीएच.डी. पुरी न करताच, ते मायदेशी परतले होते.

विभागात त्यांनी पाहिले ते असे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार द्यायचे म्हणजे गाठीपर्यंत किती मात्रा पोचेल याचा आधी हिशेब करावा लागतो. त्यासाठी समान मात्रेच्या रेषा काढलेले तक्ते असत. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या झोतांचे तक्ते रुग्णाच्या शरीराच्या आकृतीवर एकावर एक ठेवायचे, आकड्यांची बेरीज करायची, ती जमली नाही की झोतांच्या जागा बदलून पुन्हा ठेवायचे. हे सगळे तक्ते एक गोष्ट गृहीत धरून केलेले असत: माणसाचे शरीर आतून सगळीकडे सारखे, जणू पाण्याने भरलेले. पण फुप्फुसात हवा आहे. हाड किरणांना अडवते तेवढे स्नायू अडवत नाही. छातीतल्या गाठीवर सोडलेला झोत वाटेत किती खर्ची पडला हे त्या तक्त्यावरून नीट कळणे शक्यच नव्हते. त्या विभागातली माणसे हे जाणून होती आणि अनुभवाच्या जोरावर निभावून नेत होती. कॉर्मॅक बाहेरून आलेले, त्यामुळे त्यांना ही गोष्ट खुपली.

त्यांच्या मनाने घेतले की शरीराच्या आत प्रत्येक बिंदूपाशी किरण किती शोषले जातात याचा नकाशा हवा, आणि तो बाहेरूनच मोजमापे घेऊन मिळायला हवा.

प्रश्न दिसायला सोपा आहे. एका टोकाकडून किरण सोडला आणि दुसऱ्या टोकाला किती उरला ते मोजले, की त्या रेषेवरच्या साऱ्या शोषणाची एकत्र बेरीज हाती येते. कुठल्या बिंदूचा वाटा किती, हे मात्र कळत नाही. साध्या एक्स-रे फिल्मचे दुखणे तेच. बरगडी, हृदय, फुप्फुस, पाठीचा कणा सगळे एकमेकांवर पडून एकच सावली उरते. आता चार चौकटींचे एक कोष्टक घ्या, वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत दोन. आकडे झाकलेले आहेत. आडव्या ओळींच्या बेरजा ४ आणि ६, उभ्या रकान्यांच्या बेरजा ५ आणि ५. एवढ्यावरून उत्तर ठरत नाही, वेगवेगळे आकडे बसवून पाहता येतात. पण डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषेची बेरीज ७ आहे हे कळले की बाकी पर्याय गळून पडतात: वर ३ आणि १, खाली २ आणि ४. दिशा वाढवल्या की झाकलेले आकडे उघडे पडतात. माणसाच्या डोक्याच्या एका कापात अशा हजारो चौकटी कल्पायच्या आणि शेकडो दिशांनी बेरजा घ्यायच्या. मग हाताला येते ते समीकरणांचे जंगल, आणि त्यातून नेमकी वाट काढणारे गणित हवे.

कॉर्मॅक यांना वाटले, एवढी मूलभूत गोष्ट गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच सोडवली असणार. त्यांनी पुस्तके चाळली, ओळखीच्या गणितज्ञांना विचारले. कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःच उत्तर काढले.

उत्तर खरे तर छापलेले होते. ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ साली लाइपझिगच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात ते मांडले होते, जर्मन भाषेत, शुद्ध गणिताच्या कुतूहलापोटी. त्यातल्या त्रिमितीतल्या प्रश्नाचे उत्तर डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्स यांना त्याहूनही आधी ठाऊक होते. कॉर्मॅक यांना राडोनचे काम समजले ते १९७० नंतर, म्हणजे स्वतः सगळे छापून झाल्यावर. राडोन व्हिएन्नात वारले ते १९५६ च्या मे महिन्यात, कॉर्मॅक ग्रूटे शूरमध्ये त्याच प्रश्नाशी झुंजत होते त्याच सहामाहीत. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसावे, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट वाटते.

गणित कागदावर जमले तरी कॉर्मॅक मुळात प्रयोग करणारे भौतिकशास्त्रज्ञ. १९५७ साली त्यांनी वीस सेंटीमीटर व्यासाची एक गोल चकती बनवून घेतली, मध्ये ॲल्युमिनियम आणि भोवती लाकडाचे कडे. कोबाल्ट-६० चा स्रोत एका बाजूला, मोजणारे यंत्र दुसऱ्या बाजूला आणि मधून थोडीथोडी सरकणारी चकती. चकती गोल आणि सगळ्या बाजूंनी सारखी, म्हणून एकाच दिशेची मोजमापे पुरत होती. मिळालेल्या आकड्यांवर सूत्र चालवले तेव्हा लाकूड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळे निघाले, हे अपेक्षितच होते. पण अगदी केंद्राजवळचे तीन बिंदू बाकीच्या ॲल्युमिनियमच्या रेषेत बसेनात. फरक किरकोळ होता. मोजण्यातली चूक म्हणून तो सोडून देता आला असता. कॉर्मॅक यांनी वर्कशॉपमध्ये चौकशी केली. तेव्हा कळले की चकतीच्या गाभ्यात कारागिरांनी एक खुंटी ठोकलेली होती, आणि तिचे ॲल्युमिनियम बाकीच्यापेक्षा किरण थोडे कमी शोषणारे होते. प्रयोग करणाऱ्यालाच माहीत नसलेली वस्तू गणिताने बाहेरून शोधून दाखवली होती. पुढे जगभरच्या रुग्णालयांत जे घडले त्याचे बीज या खुंटीत आहे. शोधनिबंधात त्यांनी ही हकीकत एकदोन वाक्यांत, जराही गाजावाजा न करता सांगितली आहे.

त्याच वर्षी ते अमेरिकेत बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुख्य विषय कणभौतिकी होता. हे काम मधून मधून, वेळ मिळेल तसे चालू राहिले. १९६३ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला हाताशी घेऊन त्यांनी या वेळी मुद्दाम बेढब, कुठल्याच बाजूने सारखी नसलेली वस्तू तपासली. मोजायला दोन दिवस लागले, आकडेमोड संगणकाने केली आणि आतला नकाशा बरोबर निघाला. ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये पहिला निबंध १९६३ च्या सप्टेंबरात आला, दुसरा १९६४ मध्ये. एखादे फल त्याच्या रेषांवरच्या बेरजांवरून कसे मांडावे, असे गणिताच्या भाषेतले शीर्षक, आणि शेवटी भर घातल्यासारखे क्ष-किरणशास्त्रातले काही उपयोग. ही पद्धत अचूक निदान आणि किरणोपचार यांतल्या तीन प्रश्नांना लागू पडते असे त्यांनी सुरुवातीच्या सारांशातच म्हटले होते.

प्रतिसाद जवळजवळ शून्य. त्या काळी निबंध आवडला की लोक लेखकाला पत्र टाकून छापील प्रत मागवत. कॉर्मॅक यांच्याकडे आलेल्या मोजक्या मागण्यांत एक होती स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राची. डोंगरावर साठलेल्या बर्फालाही ही पद्धत लावण्यासारखी होती. नोबेल व्याख्यानात कॉर्मॅक यांनी ही आठवण सांगितली. रुग्णालयांकडून मात्र कुणी विचारले नाही.

असे का झाले? ज्यांना गरज होती ते क्ष-किरणतज्ज्ञ हे नियतकालिक उघडत नव्हते. जे उघडत होते त्या भौतिकशास्त्रज्ञांना रुग्णाच्या डोक्यात डोकावण्याची गरज नव्हती. एका कापासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड करू शकेल असा संगणकही तेव्हा सामान्य रुग्णालयाच्या आवाक्यात नव्हता. पण खरी अडचण ज्ञानाच्या वाटण्यांची होती असे मला वाटते. हाच प्रश्न तेव्हा निदान चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या गरजांपोटी सोडवला जात होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ सालीच सूर्याच्या पृष्ठभागावरचे रेडिओ-तेज पट्ट्यापट्ट्यांच्या मोजमापांवरून जुळवण्याचे गणित मांडले होते. आकाशाकडे पाहणारे गणित आणि शरीरात पाहणारे गणित एकच आहे, हे दोन्हीकडच्या कुणाच्या लक्षात आले नाही.

लॉस एंजेलिसमधले मेंदूरोगतज्ज्ञ विल्यम ओल्डेनडॉर्फ यांची कथा तर आणखी चुटपुट लावणारी. त्या काळी मेंदूतली गाठ पाहायची तर पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरत आणि मग एक्स-रे घेत. रुग्णाला असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत. ओल्डेनडॉर्फ यांना ही तपासणी करणे नकोसे झाले होते. त्यातच एक अभियंता त्यांच्याकडे सल्ला मागायला आला. थंडीने आतून सुकलेली संत्री सालीवरून ओळखू येत नाहीत, ती यंत्राने वेगळी करता येतील का, असा त्याचा प्रश्न होता. फळाची साल आणि माणसाची कवटी, अडचण सारखीच. ओल्डेनडॉर्फ यांनी घरी मिळेल त्या सामानातून उपकरण जुळवले. प्लास्टिकच्या ठोकळ्यात खिळ्यांचे कडे, मध्ये एकदोन निराळे खिळे, ठोकळा मुलांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळावर, तो ओढायला घड्याळाची मोटर आणि गोल फिरवायला ग्रामोफोनची तबकडी. बाहेरच्या खिळ्यांच्या गर्दीतून आतले खिळे ओळखता आले. १९६१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, पुढे पेटंट घेतले आणि एका एक्स-रे यंत्रनिर्मात्या कंपनीला दाखवले. डोक्याचा आडवा काप दाखवण्यापलीकडे काही न करणाऱ्या एवढ्या महागड्या यंत्राला बाजारच नाही, असे उत्तर आले.

ते यंत्र अखेर इंग्लंडमध्ये झाले, आणि करणाऱ्याने कॉर्मॅक यांचे निबंध वाचलेले नव्हते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नॉटिंगहॅमशायरच्या शेतकरी घरातले, युद्धात रडारवर काम केलेले, विद्यापीठाची पदवी नसलेले अभियंता. ईएमआय कंपनीत त्यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारा ब्रिटनमधला एक पहिलावहिला मोठा संगणक उभारला होता. १९६७ साली त्यांनी हाच प्रश्न स्वतःच्या रीतीने हाती घेतला. लेथच्या सांगाड्यावर बसवलेल्या पहिल्या यंत्रात अमेरिशियमचा स्रोत होता, त्यामुळे एका वस्तूच्या मोजणीला नऊ दिवस लागत आणि पुढे संगणकाला अडीच तास. क्ष-किरण नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. औषधी द्रवात जतन केलेला माणसाचा मेंदू तपासला तर चित्र फसवे यायचे, म्हणून ते खाटकाकडून बैलांचे ताजे मेंदू आणत. ईएमआयचा पैसा बीटल्सच्या तबकड्यांतून आला आणि त्यातून सीटी स्कॅन जन्मला, ही गोष्ट लोकांना सांगायला आवडते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याने यात घातलेला पैसा मात्र कुणी फारसा आठवत नाही, आणि त्याच्याशिवाय हे यंत्र रुग्णालयापर्यंत पोचले नसते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली पाण्याच्या पिशवीच्या वेढ्यात तिचे डोके स्थिर ठेवले होते. मोजमापांची फीत कंपनीत पाठवून चित्र तयार करून आणावे लागले. उभ्याआडव्या ८० चौकटींचे ते चित्र आजच्या डोळ्यांना ओबडधोबड दिसते, पण गाठ त्यात स्वच्छ होती. शस्त्रक्रियेत ती चित्रात दिसली तशीच सापडली. १९७३ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजी’मध्ये हाउन्सफील्ड यांचा यंत्राविषयीचा निबंध आणि त्याला जोडून ॲम्ब्रोज यांचा रुग्णांच्या अनुभवाचा निबंध आला. या वेळी वाचणारे नेमके तेच होते ज्यांना गरज होती. पाहता पाहता मोठ्या शहरांतली रुग्णालये यंत्रासाठी रांग लावून उभी राहिली, आणि पाठीच्या कण्यातून हवा भरण्याची ती जीवघेणी तपासणी काही वर्षांतच इतिहासजमा झाली. आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या स्कॅन सेंटरमधून हातात पडणाऱ्या रिपोर्टवरही घनतेचा आकडा हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात असतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार.

याच सुमाराला भारतीय नावे या कथेत येतात, आणि ती आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवीत तितकी सांगितली जात नाहीत. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, एर्नाकुलमला जन्मलेले, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९४० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत तेही कॅव्हेंडिशमध्येच होते, कॉर्मॅक तिथे होते त्याच काळात. भारतात परतल्यावर पुढे मद्रासला त्यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. प्रथिनांच्या साखळ्या कशा वळू शकतात हे सांगणारा, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख १९६३ चा, म्हणजे कॉर्मॅक यांचा पहिला निबंध ज्या वर्षी आला त्याच वर्षीचा. पुढे सावल्यांवरून वस्तू उभी करण्याच्या प्रश्नाकडे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आणि क्ष-किरणांच्या वाटेने आले. १९७१ च्या सप्टेंबरात, विम्बल्डनमधल्या त्या पहिल्या स्कॅनच्या अगदी तोंडावर, ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला.

त्यांनी काय केले ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. मिळालेली प्रत्येक सावली तिच्या दिशेने उलट मागे पसरवली आणि सगळ्या एकावर एक टाकल्या, तर वस्तूचा ढोबळ आकार दिसतो. पण प्रत्येक बिंदूभोवती धूसर कडे राहते आणि बारकावे बुडतात. ते काढायला फूरिए रूपांतराचे लांबलचक गणित करावे लागे आणि तेव्हाच्या संगणकांना ते जड जाई. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखवले की सावली मागे पसरवण्याआधीच तिच्यावर एका ठरावीक आकड्यांच्या माळेने संस्कार केला, शेजारच्या आकड्यांतून थोडे थोडे वजा केले, की नंतरची सगळी धूसरता एकमेकांना खोडून टाकते. वेळ वाचला आणि अचूकताही वाढली. याला समांतर वाट ब्रेसवेल यांनी एका सहकाऱ्यासोबत १९६७ साली खगोलशास्त्रात काढलेली होती, पुन्हा एकदा भिंतीपलीकडे. पण वैद्यकातल्या यंत्रांनी उचलली ती ही पद्धत. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात चौकटींचे आकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत उत्तराकडे जाण्याची रीत होती. पुढच्या पिढ्यांनी ती सोडून या जलद वाटेने जाणे पसंत केले. प्रतिमा-प्रक्रिया शिकणारा पुण्यामुंबईचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आजही ‘राम-लक फिल्टर’ वापरतो. त्यातले राम म्हणजे रामचंद्रन आणि लक म्हणजे लक्ष्मीनारायणन, हे त्याला कुणी सांगितलेले असेलच असे नाही.

१९७९ चे वैद्यकाचे नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळून जाहीर झाले. दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती. ओल्डेनडॉर्फ यांना १९७५ चा लास्कर पुरस्कार हाउन्सफील्ड यांच्यासोबत मिळाला होता, नोबेलमधून मात्र ते वगळले गेले. रामचंद्रन यांना नोबेल कधीच मिळाले नाही. ज्या निबंधांवरून यंत्र बनलेच नाही त्यांच्या लेखकाला अर्धे नोबेल का, हा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. तरीही मला तो पटत नाही. एखाद्या शोधनिबंधाचा प्रभाव मोजायचा तर किती जणांनी त्याचा हवाला दिला एवढेच पाहण्याची सवय आता विद्यापीठांना लागली आहे. त्या मापाने १९७० पर्यंतचे कॉर्मॅक नापासच ठरतात. पण राडोन यांचे सूत्र शुद्ध गणितात पडून होते, ब्रेसवेल यांचे आकाशात. रुग्णाच्या शरीराचा प्रश्न, त्याचे गणित आणि ते चालते याचा टेबलावरचा पुरावा, हे तिन्ही पहिल्यांदा एका ठिकाणी छापले ते कॉर्मॅक यांनी, कुणी मागितले नसताना. सत्तरच्या दशकात यंत्रे धडाधड तयार होऊ लागली आणि अभियंते गणिताच्या शोधात निघाले, तेव्हा त्यांना मागे वळून हे निबंध सापडले. राडोन यांच्या पूर्वीच्या कामाचे ऋणही कॉर्मॅक यांनी मोकळेपणाने सांगितले. नोबेलनंतर ते गणिताकडे आणखी ओढले गेले. टफ्ट्समधले गणितज्ञ टॉड क्विंटो यांच्यासोबत त्यांनी राडोन रूपांतरावर १९८० मध्ये निबंध लिहिला, आणि तो शुद्ध गणिताच्या नियतकालिकात आला.

मात्र ग्रूटे शूरमध्ये त्यांना पडलेला मूळ प्रश्न निदानाचा नव्हता, किरणोपचाराच्या मात्रेचा होता. त्याचे उत्तर आज रोजच्या कामाचा भाग आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा कुठल्याही किरणोपचार केंद्रात रुग्णाला पहिला झोत देण्याआधी प्लॅनिंग सीटी करतात. चेहऱ्यावर किंवा छातीवर साच्याचा मुखवटा बसवून शरीर हलू न देता काप घेतले जातात, प्रत्येक चौकटीचा हाउन्सफील्ड आकडा ऊतीच्या घनतेत बदलला जातो आणि त्यावरून मात्रा ठरते. शरीर म्हणजे पाणी असे आता कुणी धरत नाही.

प्रोटॉनच्या झोताची गोष्ट वेगळी. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात हे उपचार २०२३ पासून सुरू झाले आहेत. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा वाटेच्या शेवटी टाकतो, म्हणून तो नेमका कुठे थांबणार हे मिलिमीटरच्या हिशेबात कळावे लागते. क्ष-किरणांचा आकडा प्रोटॉनच्या भाषेत उतरवताना थोडी चूक राहतेच, म्हणून डॉक्टर गाठीभोवती जादा जागा धरून चालतात. यावर सरळ उपाय म्हणजे नकाशाही प्रोटॉननेच काढायचा. कॉर्मॅक यांनी हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर अँड्रियास कोहलर यांच्यासोबत त्याचे पहिले प्रयोग करून १९७६ साली प्रसिद्ध केले होते. प्रोटॉन टोमोग्राफीची यंत्रे जगातल्या काही प्रयोगशाळांत अजून घडवली जात आहेत, आणि तिथल्या शोधनिबंधांच्या संदर्भांत त्या १९७६ च्या कामाचा उल्लेख आजही येतो.